पिल्लू, लापशी आणि बाटली



घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की आठ-दहा दिवसांत त्याच्यामागून एक बाटलीही घरात येते. बहुतेक वेळा ती कॅल्शियमची असते. मग जीवनसत्त्वांचे थेंब येतात, केस चमकावेत म्हणून तेल येतं, थोडं वय झालं की सांध्यांच्या गोळ्या येतात. शेजारचे काका सांगतात, "मोठ्या जातीचं आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत." आजी सांगते, "रोज कोवळ्या उन्हात बसवत जा." सगळे प्रेमापोटीच सांगत असतात. पण हे सगळं त्या पिल्लाला खरंच लागतं का?

मी इतिहासाचा माणूस, पशुवैद्य नाही. तरी हा विषय घेतला, कारण या प्रश्नाचा इतिहास फार थोड्यांना माहीत आहे. आपण जीवनसत्त्वं म्हणून ज्या गोष्टी ओळखतो, त्यांतली निदान दोन माणसाला कुत्र्यामुळे सापडली. आज आपण जे कुत्र्याला पाजतो, ते एकेकाळी कुत्र्याच्याच आजारपणातून शिकलो. ती गोष्ट नीट समजली तर दुकानात बाटली हातात घेतल्यावर काय विचारायचं, हेही समजतं.

जुनं ताट

सुरुवात दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमपासून करू. मार्कस व्हॅरो नावाच्या विद्वानाने इ.स.पू. ३७ मध्ये शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना काय घालावं हे सांगितलं आहे. जवाची भाकरी द्यावी, पण कोरडी देण्यापेक्षा दुधात कुस्करून द्यावी. म्हणजे आपली दूध-भाकरीच! पुढे तो म्हणतो की हाडांचं पाणी द्यावं, आणि ठेचलेली हाडंही द्यावीत, त्याने दात बळकट होतात.

ठेचलेली हाडं म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस. हे शब्द व्हॅरोला माहीत असणं शक्यच नव्हतं. पण भाकरी आणि दूध एवढ्यावर भागत नाही, वर काहीतरी लागतं, एवढं मेंढपाळांच्या लक्षात आलेलं होतं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी कोठाराचं प्रकरण आहे. त्यात इतर जनावरांच्या शिध्याबरोबर कुत्र्याचाही शिधा मोजून दिला आहे, एक प्रस्थ. कुत्रा तिथे राज्याच्या हिशेबात आहे, आणि तोही धान्यावर.

कुत्रा धान्य खातो यात काही वावगं नाही. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिठूळ पदार्थ पचवणारं एक विकर असतं. त्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात २ असतात, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. म्हणजे माणसाच्या चुलीजवळ राहता राहता कुत्र्याचं पोटही बदललं. तेव्हा "कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला फक्त मांस घाला" हे म्हणणं अर्धवट आहे.

पण "आमच्या गावाकडची कुत्री नुसत्या भाकरीवर जगायची" हे म्हणणंही अर्धवटच. ती मोकळी असायची. घरची भाकरी खाऊन उकिरडा धुंडाळायची, उंदीर-घुशी मारायची, मेलेल्या जनावरावर ताव मारायची. आपण त्यांना भाकरी घालत होतो, बाकीचं ताट ती स्वतः वाढून घेत होती. कुत्रा जेव्हा दाराआड आला, साखळीला बांधला गेला, चौथ्या मजल्यावर राहायला गेला, तेव्हा त्याचं सगळं ताट आपल्या हातात आलं. पुरवणीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

लंडनमधली पिल्लं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत मुलांना मुडदूस फार होता. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं सुजलेली, छाती पुढे आलेली. कारण कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. ग्लासगोचे डॉक्टर लेनर्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये कुत्र्याची पिल्लं कोंडून ठेवून पाहिली. त्यांना मुडदूस झाला, तेव्हा मोकळ्या हालचालीचा अभाव हे कारण असावं असं त्यांनी मांडलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं की दोष अन्नात आहे.

१९१४ मध्ये एडवर्ड मेलनबी यांच्याकडे हे काम सोपवण्यात आलं. लंडनच्या किंग्ज कॉलेज फॉर विमेनमध्ये त्यांनी पिल्लांवर प्रयोग सुरू केले. पिल्लांना गरीब घरातल्या मुलांसारखं जेवण दिलं. थोडं दूध, आणि बाकी पोटभर पाव किंवा ओटची लापशी. काही आठवड्यांत पिल्लांचे पाय वाकू लागले. मग कुणाच्या जेवणात लोणी, कुणाच्या मांसाचा अर्क, कुणाच्या कॉड माशाच्या यकृताचं तेल, असं एकेक घालून पाहिलं. कॉडच्या तेलाने पिल्लं वाचत होती. त्यांच्या पत्नी मे मेलनबी याच पद्धतीने पिल्लांचे दात तपासत होत्या. आहार बिघडला की दातही बिघडतात, हे त्यांनी दाखवलं. व्हॅरोच्या मेंढपाळांनी दातांबद्दल जे पाहिलं होतं, ते आता प्रयोगशाळेत दिसत होतं.

१९१९ मध्ये मेलनबींचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. कॉडच्या तेलातला हा गुण 'अ' जीवनसत्त्वाचा असावा, असा त्यांचा तर्क होता. तो चुकला. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅक्कॉलम यांनी कॉडचं तेल तापवून, त्यात हवा सोडून त्यातलं 'अ' नष्ट केलं. ते तेल आता डोळ्यांचा आजार बरा करेना, पण मुडदूस मात्र बरा करत राहिलं. म्हणजे आत आणखी एक वेगळं द्रव्य होतं. अ, ब, क ही नावं आधीच दिली गेली होती, म्हणून याला 'ड' म्हटलं गेलं.

पुढे मेलनबींना आणखी एक गोष्ट दिसली. धान्य जास्त, त्यातही ओट जास्त, तर मुडदूस अधिक वाईट. धान्यातल्या फायटिक आम्लामुळे अन्नातलं कॅल्शियम अडकून पडतं, हे १९३० च्या दशकाअखेर स्पष्ट झालं. म्हणजे कमतरता फक्त ताटात काय नाही यावर ठरत नाही, सोबत काय आहे यावरही ठरते.

ती पिल्लं जगली नाहीत. त्यांची हाडं तपासायची होती. त्या हाडांच्या जोरावर लाखो मुलांचे पाय सरळ राहिले. मी हे दोषारोप म्हणून सांगत नाही, पण आज आपण पिल्लाला 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब पाजतो तेव्हा ही देणी कुणाची आहेत, हे माहीत असावं.

कोवळं ऊन

आता आजीच्या उन्हाकडे येऊ. मेलनबींचा निबंध आला त्याच वर्षी, १९१९ मध्ये, बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं. नंतर व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कॉडचं तेल आणि ऊन, दोन्हींनी मुलं बरी होतात. माणसाच्या त्वचेवर ऊन पडलं की 'ड' जीवनसत्त्व शरीरातच तयार होतं. आजीचं म्हणणं मुलांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे.

कुत्र्याचं तसं नाही. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या संशोधकांनी हे तपासलं. कुत्रा आणि मांजर यांच्या त्वचेत 'ड' जीवनसत्त्वाचा कच्चा मालच फार कमी असतो. उन्हात बसवून त्यांची गरज भागत नाही, ती अन्नातूनच भागवावी लागते.

यातली गंमत बघा. मुलांसाठी मुख्य प्रश्न अन्नाइतकाच उन्हाचाही होता. मेलनबींनी मात्र असा प्राणी निवडला होता, ज्याला अन्नाशिवाय दुसरा मार्गच नव्हता. म्हणून त्यांना अन्नाचा परिणाम इतका स्वच्छ दिसला. कुत्रा अपघाताने योग्य साक्षीदार ठरला. पण त्या साक्षीवरून 'माणूस आणि कुत्रा सारखेच' असा निष्कर्ष काढला, तर तो चुकतो. 'क' जीवनसत्त्वाचं उलटं आहे. ते माणसाला बाहेरूनच घ्यावं लागतं, तर निरोगी कुत्रा आपल्या यकृतात स्वतः बनवतो. म्हणून आपल्याला जे लागतं ते त्याला लागेलच असं नाही, आणि आपल्याला जे फुकट मिळतं ते त्याला मिळेलच असंही नाही. ऊन जरूर खाऊ द्या, त्याला आवडतं. पण ते औषध समजू नका.

काळी जीभ

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. अंगावर काळे चट्टे, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. लोकांना तो संसर्ग वाटत होता. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९१४ पासून काम करून दाखवलं की दोष आहारात आहे. कुत्र्यांमध्ये 'काळी जीभ' नावाचा असाच एक रोग होता. पेलाग्रा आणणारा आहार कुत्र्याला दिला की त्याला काळी जीभ होते, आणि यीस्ट दिलं की दोन्ही रोग बरे होतात. ते द्रव्य कोणतं, हे कळायच्या आधीच, १९२९ मध्ये, गोल्डबर्गर वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॉनराड एल्वेहजेम यांनी काळी जीभ झालेल्या कुत्र्याला निकोटिनिक आम्ल दिलं आणि कुत्रा बरा झाला. लगेच ते माणसांना देण्यात आलं. आज त्याला आपण नायसिन किंवा बी-३ म्हणतो.

हाच धागा हैदराबादपर्यंत येतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसत होता. मक्याचं कारण ठाऊक होतं, पण ज्वारीचं काय? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्यूसीन याला कारण असावं. १९६५ मध्ये बेलवाडी आणि गोपालन यांनी प्रसिद्ध केलं की ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ झाली. ल्यूसीनचं स्पष्टीकरण पुढे वादात राहिलं, पण ज्वारीवरच्या कुत्र्यांना झालेला रोग खरा होता.

सोलापूर, विजापूर, कलबुर्गी, लातूर या भागांतल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटेल. ज्वारी वाईट नाही. ज्वारीसोबत डाळ, दूध, भाजी, अंडं, मटण असेल तर काही बिघडत नाही, माणसाचंही नाही आणि कुत्र्याचंही नाही. बिघडतं ते एकाच धान्यावर ठेवल्याने.

आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. लंडनचं पिल्लू लापशीवर होतं, हैदराबादचा कुत्रा ज्वारीवर. दोन्ही वेळा आधी ताट पाहिलं गेलं, मग नेमकी उणीव शोधली गेली, आणि मग तेवढंच द्रव्य दिलं गेलं. आपण आज उलट करतो. आधी बाटली आणतो, ताटाकडे बघतच नाही.

बाटली डब्यात शिरली

दरम्यान बाजारात वेगळीच गोष्ट घडत होती. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली. गव्हाचं पीठ, बीट, भाज्या आणि मांसाचा अंश. जहाजावरची कडक बिस्किटं कुत्री आवडीने खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. पुढच्या शंभर वर्षांत डबाबंद मांस आलं, कोरडे दाणे आले. प्रयोगशाळांत जे जे सापडत गेलं, ते ते या अन्नात मिसळलं जाऊ लागलं. 'ड' जीवनसत्त्व, नायसिन, कॅल्शियम, जस्त, सगळं. 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं ज्या पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यात बाटली आधीच ओतलेली असते.

त्यावर आपण दुसरी बाटली ओतली तर? याचंही उत्तर कुत्र्यांनीच दिलं आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांना पौष्टिक अन्न हवं तितकं खाऊ दिलं, आणि त्यांच्या हाडांत नि सांध्यांत विकृती दिसल्या. १९८५ मध्ये उट्रेख्तच्या हेझविंकल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांना गरजेपेक्षा बरंच जास्त कॅल्शियम दिलं. हाडं मजबूत झाली नाहीत, त्यांची वाढच बिघडली. कारण असं की मोठं कुत्रं जादा कॅल्शियम आतड्यातच अडवू शकतं, पण पहिल्या काही महिन्यांतल्या पिल्लाला ते पुरेसं जमत नाही. जे दिलं त्यातलं बरंच शरीरात शिरतं. म्हणजे "मोठ्या जातीचं आहे, कॅल्शियम पाजा" हा सल्ला नेमका तिथेच घातक, जिथे तो सर्वांत जास्त दिला जातो.

'ड' जीवनसत्त्वाचंही तेच. २०१८-१९ मध्ये अमेरिकेत चुकून हे जीवनसत्त्व जास्त पडलेलं कुत्र्यांचं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं होतं. आपल्या घरात तर धोका कपाटात असतो. आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची 'ड' जीवनसत्त्वाची गोळी किंवा पुडी आज अनेक घरांत आहे. हिशेब करा. १० किलोच्या कुत्र्याने एक गोळी खाल्ली तर किलोमागे ६,००० युनिट झाले. विषबाधेची लक्षणं किलोमागे साधारण ४,००० युनिटपासून दिसू शकतात. उलट्या, खूप तहान, खूप लघवी, आणि पुढे मूत्रपिंडांना इजा. माणसांच्या साखरविरहित गोळ्यांमध्ये झायलिटॉल असेल तर तेही कुत्र्याला विषच. असं काही पोटात गेलं तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

आणखी एक प्रयोग सांगतो. लॅब्रॉडॉरची ४८ पिल्लं, एकाच वेतातल्या भावंडांच्या २४ जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष आले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांध्यांचा त्रासही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाला. सांध्यांच्या महागड्या गोळ्या आणण्याआधी वाटीतलं अन्न मोजून बघावं, ते यासाठी.

मग ठरवायचं कसं?

पुरवण्या म्हणजे सगळी लूट, असं मी म्हणत नाही. ज्या घरात कुत्र्याला घरचंच अन्न मिळतं, तिथे उणीव राहण्याची शक्यता खरी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत पुस्तकांत नि संकेतस्थळांवर दिलेल्या घरगुती कुत्र्याच्या जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता. तिथे ही गत, तर आपल्या दूध-पोळीचं आणि वरण-भाताचं काय असेल, विचार करा. नुसतं बिनहाडाचं चिकन घालणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. तोल गेला की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. म्हणजे नुसत्या लापशीवरचं पिल्लू आणि नुसत्या चिकनवरचं पिल्लू वेगवेगळ्या वाटांनी एकाच दुखण्याला पोचू शकतात.

म्हणून पहिला प्रश्न, ताटात काय आहे? चांगल्या प्रतीचं, त्या वयासाठीचं 'संपूर्ण' खाद्य योग्य मापात मिळत असेल आणि कुत्रा निरोगी असेल, तर साधारणपणे वरून काही लागत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी तर मोठ्या जातीचंच पिल्लांचं खाद्य घ्यावं, कारण त्यात कॅल्शियम मुद्दाम बेताचं ठेवलेलं असतं. घरचं जेवण असेल तर पुरवणी बहुधा लागतेच, पण कोणती आणि किती, हे पूर्ण जेवण पाहून पशुवैद्याने किंवा पशुआहारतज्ज्ञाने ठरवायचं.

दुसरा प्रश्न, नेमकं काय कमी आहे आणि ते कशावरून? केस गळतात म्हणून तेल आणलं आणि कारण निघालं गोचीड किंवा थायरॉइड, असं होऊ शकतं. 'अशक्त वाटतो' हे निदान नव्हे. काही आजारांत एखादी पुरवणी खरंच उपचार असते. स्वादुपिंड नीट काम करत नसेल तर बी-१२ द्यावं लागू शकतं, सांधेदुखीत माशाच्या तेलाचा उपयोग होऊ शकतो. पण तिथे ते औषध म्हणून, मात्रा ठरवून दिलं जातं. गाभण कुत्रीला स्वतःच्या मनाने कॅल्शियम पाजू नये. गाभणपणात जास्त कॅल्शियम दिलं तर शरीर हाडांतून ते काढण्याचं विसरतं, आणि व्यायल्यानंतर दूध सुरू झालं की झटके येण्याचा धोका वाढतो.

तिसरा प्रश्न, हे आणखी कशात आहे? खाद्यात, बिस्किटात, थेंबांत आणि गोळीत तेच जीवनसत्त्व चार वेळा असू शकतं. चारही पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

मेलनबींच्या पिल्लांना काय दिलं आणि किती दिलं, याची रोज नोंद होत होती. म्हणून तर त्या वाकलेल्या पायांतून जगाला काही शिकता आलं. आपल्याला प्रयोग करायचा नाही, पण तेवढी नोंद आपणही करू शकतो. बाटली विकत घेण्याआधी सात दिवस एका वहीत लिहा. सकाळी काय, संध्याकाळी काय, किती ग्रॅम, आणि मुलांनी टेबलाखालून दिलेला पोळीचा तुकडासुद्धा. कुत्र्याचं वजन करा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "यात काय कमी आहे?" उत्तर कदाचित "काहीच नाही" असंही येईल. तेही ऐकून घ्या, आणि वाचलेल्या पैशांत त्याला रोज अर्धा तास जास्त फिरवून आणा.